जिवंत काकीचं सुतक

मुरबाडच्या कारखान्यांत ठेक्यावरच्या कामगाराला रजा कशी मिळते, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. घरातल्या कुणाला तरी मरावं लागतं. नुसतं आजारी पडून भागत नाही. आजारी माणूस जिवंत असतो, आणि जिवंत माणसासाठी रजा नाही. मेलेल्यासाठी आहे, आणि ती मागावीही लागत नाही, गेटावरूनच परत पाठवतात.

ही दयामाया नव्हे, हे आधीच सांगून टाकते. मी ज्या कारखान्याबद्दल बोलतेय तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या होतात. लग्नाच्या हॉलात, ग्रामसभेत, तेराव्याला, सगळीकडे आपण ज्यांच्यावर बसतो त्याच. गेटाच्या आत एक छोटं देऊळ आहे आणि त्याची दिवाबत्ती सुपरवायझर स्वतः करतो. सुतकातला माणूस आत आला की साचा तडकतो, अशी त्याची ठाम समजूत. एकदा तडकलाही होता म्हणे, कुणाचा तरी मामा गेला होता त्या आठवड्यात. मामाचं सुतक भाच्याला धड लागत नाही, पण साच्याला हे कोण सांगणार? तेव्हापासून नियम झाला: घरात मयत असेल तर दहाव्यापर्यंत तोंड दाखवायचं नाही. पगार नाही, पण काम राहतं. एवढी एकच रजा त्या कारखान्यात कामगाराच्या हक्काची होती, आणि तिचं श्रेय कुठल्या युनियनला नाही, यमाला आहे.

आमची संघटना एसटी स्टँडामागं, पंक्चरवाल्याच्या डोक्यावर एका खोलीत भरते. मी तिथं पत्रकं लिहिते. ‘घरच्या आजारपणासाठी रजा हा कामगाराचा हक्क आहे!’ असं ठळक अक्षरात छापून मी ती एमआयडीसीच्या नाक्यावर वाटत होते, तेव्हा लोक घ्यायचे, घडी घालायचे आणि पुढं जाऊन त्यात वडापाव घ्यायचे. वडापाववाला म्हणायचा, तुमचा कागद चांगला, तेल धरतो. मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर त्या पत्रकात मागणी होती, आधार नव्हता. स्वतःला ताप आला तर विमा आहे. बाईला बाळंतपणाला कायदा आहे. वर्षभर सलग काम भरलं तर भरपगारी रजा आहे, म्हणून तर दर काही महिन्यांनी ठेकेदाराच्या पाटीवरचं नाव बदलतं आणि जुना कामगार रातोरात नवा होतो. पण कामगाराची आई? ती कायद्यात कुठंच बसत नाही. तिला बसायला जागाच ठेवलेली नाही.

आणि नेमकी एका आईचीच भानगड झाली.

किन्हवलीच्या पुढं, आमच्या गावाच्या डोंगरापलीकडे एक पाडा आहे. तिथली काकी मला लहानपणापासून माहीत. करवंदं, गावठी आळू, मोहाचं तेल, जे काय हंगामात असेल ते घेऊन ती आमच्या दारात यायची आणि भाव करता करता माझ्या आईशी भांडून, चहा पिऊन जायची. यंदा मोहाची फुलं पडायला लागली तेव्हा ती पहाटे टोपली घेऊन गेली आणि दगडावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. जीपमध्ये आडवी घालून तिला नेली, पुढं ठाण्याला सरकारी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत सळई घातली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हिला पडू देऊ नका आणि पडून राहूही देऊ नका. रोज धरून उठवा, चालवा. सुरुवातीचे दिवस महत्त्वाचे. आता चालली तर चालेल, नाही चालली तर खाटेवरच राहील.

म्हणजे कुणीतरी घरी हवं. घरात होते दोघं: काकीचा मुलगा, ज्याला मी भाऊ म्हणते, तो या खुर्च्यांच्या कारखान्यात, आणि वहिनी, ती शहापूरकडच्या हायवेवरच्या एका गोदामात. दवाखान्यात काकीजवळ वहिनीच राहिली होती. ती परत कामावर गेली तेव्हा तिला सांगण्यात आलं, पुढच्या वेळी गेलीस तर येऊ नकोस. मग राहिला भाऊ.

भाऊनं रीतसर विचारलं. सुपरवायझर म्हणाला, लग्नसराई आहे. भाऊ म्हणाला, आईला उठवायला कुणी नाय. सुपरवायझर म्हणाला, सगळ्यांनाच आई असते. यात खोटं काही नाही, म्हणून भाऊ गप्प बसला. तो तसाही गप्प माणूस आहे, त्याच्या वाटचं सगळं काकी बोलते.

मी गप्प नाही. मी गेटावर गेले. सुपरवायझरनं मला खुर्ची दिली, त्यांच्याच कारखान्यातली, कड नीट न तासलेली. मी बरंच बोलले. माणुसकी, संविधान, आईचं दूध, सगळं काढलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “मॅडम, कायदा दाखवा. असेल तर मी आत्ता सोडतो त्याला.” कायदा नव्हता. त्यालाही माहीत होतं, मलाही. उठताना त्या खुर्चीच्या कडेनं माझी ओढणी फाटली, तेवढाच त्या भेटीचा परिणाम.

इकडं काकी दिवसभर एकटी. भाऊ पहाटे तिला उठवून, दोन पावलं चालवून, उशाशी पाणी आणि पेज ठेवून जायचा. संध्याकाळी येईपर्यंत ती तशीच. बाकीचं काय आणि कसं होत असेल ते मी लिहीत नाही, तुम्हाला कळतं. काकीनं कुरकुर केली नाही, शिव्या दिल्या. डॉक्टरला, सळईला, मोहाच्या झाडाला, नातवंडं झाली नाहीत म्हणून सुनेला, आणि सून कामावरून परत आली की तिच्याच हातानं डोकं विंचरून घ्यायची. पण चारपाच दिवसांत तिच्या पाठीला लाल चट्टा उठला. भाऊनं तो पाहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीच्या जीपला न थांबता आधीच्या गाडीनं मुरबाडला गेला, गेटावर उभा राहिला आणि सुपरवायझरला म्हणाला, “आय गेली.”

सुपरवायझर तीन पावलं मागं सरला. तिथूनच त्यानं वाईट वाटल्याचं सांगितलं, देवाची मर्जी म्हणाला, आणि कालचा आत राहिलेला डबा घ्यायलाही न येता असाच माघारी जा म्हणाला. भाऊ आला तसा गेला. आईच्या जिवंतपणी जी रजा पंधरा वाक्यांत मिळाली नाही ती दोन शब्दांत मिळाली.

घरी येऊन त्यानं खाटेजवळ बसून, खाली बघत, आईला सांगितलं की तुला मारून आलोय. मी तेव्हा तिथं होते, औषधाची पट्टी द्यायला गेले होते. मला वाटलं म्हातारी आता रडेल किंवा काठी फेकून मारेल. तिनं विचारलं, “कशानं मेले म्हणून सांगतलंस?”

“तापानं.”

“तापानं?” काकीला ते फारच लागलं. “मोहाखाली पडून हाड मोडलं, मांडीत लोखंड घेऊन आले, आन मेले तापानं? वाघानं तरी नेली म्हणायचा व्हतास.”

भाऊ म्हणाला, वाघ म्हटलं असतं तर वनखातं आलं असतं. यावर काकीनं नुकसानभरपाई किती मिळते वगैरे मला विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, उचल मला. त्या दिवशी ती दारापर्यंत गेली आणि परत आली. भाऊच्या खांद्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते.

इथपर्यंत सगळं ठीक चाललं होतं. चूक पुढं झाली, आणि ती अशी होती की आमच्याकडच्याच माणसाला करता येईल. भाऊनं आईला एकट्यानं मारलं होतं. पण सुतक एकट्याला लागत नाही. ते सगळ्या भाऊकीला लागतं. आणि त्या कारखान्यात खुर्च्या तासणारी, रचणारी, बांधणारी निम्मीअधिक माणसं त्याच पाड्यातली, त्याच कुळाची, एकाच आडनावाची. ठेकेदारानं ती तशीच भरली होती, एक जीप पाठवली की सगळी लाइन येते म्हणून. भाऊनं भाऊकीत कुणाला काही सांगितलं नव्हतं. लाज वाटली असेल.

तर दुपारी, सगळी नेहमीसारखी कामाला लागलेली असताना, सुपरवायझर लाइनवरून फिरत आला आणि त्याच्या डोक्यात आडनाव चमकलं. तो भाऊच्या चुलतभावाच्या बायकोसमोर थांबला. ही बाई पाड्यातली सगळ्यात मोठ्या तोंडाची. आम्ही तिला धाकटी म्हणतो, ती घरात थोरली असूनही. का ते विचारू नका. त्यानं विचारलं, तुमची काकी गेली ना? धाकटी म्हणाली, कुठं? सुपरवायझर म्हणाला, वारली. धाकटी म्हणाली, सकाळी माझ्या हातची पेज पिली की. तेवढ्यात शेजारच्या पोरीनं तिला कोपरानं टोचलं. तिच्या कानावर कुठून तरी आलं होतं. धाकटीला एका क्षणात सगळा हिशोब कळला, आणि तिनं डोक्यावर पदर ओढून असा गळा काढला की टोकावड्याकडच्या दोन बाया, ज्यांचा काकीशी काडीचा संबंध नव्हता, त्याही रडायला लागल्या. तिनं मला नंतर हे करून दाखवलं. मलाही भरून आलं.

सुपरवायझरला दुःख करायला वेळच नव्हता. सुतकातली माणसं सकाळपासून आत. देवळासमोरून गेलेली. आणि त्यांनी हातानं तासलेल्या, पुसलेल्या, रचलेल्या खुर्च्या टेंपोत चढल्या होत्या, कल्याणच्या एका लग्नाच्या हॉलात जायला. तो पळत गेटावर गेला, टेंपो अडवला, आणि गोमूत्राची बाटली घेऊन एकेका खुर्चीवर शिंपडत बसला. टेंपोवाला म्हणाला, साहेब, नवरीच्या साडीला वास येईल. बाकीच्यांना हुकूम झाला: घरी जा, दहाव्यापर्यंत येऊ नका.

संध्याकाळी भाऊकी काकीच्या अंगणात जमली आणि भाऊला खाऊ की गिळू करायला लागली. त्यांचं चुकत नव्हतं. रोजंदारीची माणसं, ऐन हंगामात घरी बसवलेली, तीही एका न मेलेल्या बाईपायी. कुणी म्हणालं, उद्या जाऊन खरं सांगू. कुणी म्हणालं, मंग याचा काम गेला समज. भाऊ अंगणाच्या कडेला उभा, बैलासारखी मान खाली. धाकटी खाटेसमोर जाऊन उभी राहिली.

“काकी, मेलीस तू आन उपास आमाला?”

“मंग काय करू, खरंच मरू?” काकी म्हणाली. “आलीस तर बस. नायतर धर मला, मुतायला जायचाय.”

धाकटीनं धरलं. काय करणार. दोघी शिव्या देत अंगणाच्या टोकापर्यंत गेल्या आणि शिव्या देत परत आल्या. परत आल्यावर धाकटी म्हणाली, ही कालच्यापेक्षा बरी चालते. मग थोरला बोलला. थोरला म्हणजे भाऊकीतला सगळ्यात वयस्क पुरुष, लग्नाचं, मयताचं, पूजेचं त्याला विचारल्याशिवाय पाड्यात पान हलत नाही. तो म्हणाला, आता उद्या जाऊन खरं सांगायचं म्हणजे एकाचं काम घालवायचं, आणि आपण रडलो ते खोटं ठरवायचं. आपण सगळे घरी आहोत तर आहोत. ही चालती होऊ दे.

त्यानंतरचे दिवस मी त्या पाड्यावर बऱ्याचदा गेले. एवढी माणसं दिवसाउजेडी घरात मी त्या पाड्यात फक्त होळीला पाहिली होती. काकीला उचलायला आळीपाळीनं दोघं असायचे, भातलावणीला एकमेकांच्या शेतात जातात तसे, आज तुमी उद्या आमी. पाठीचा चट्टा फिका झाला. आणि बाकीच्यांनी काय केलं? मला वाटलं होतं, झोपतील, पत्ते कुटतील. पत्तेही कुटले. पण एक पोरगा बापाला घेऊन शहापूरला गेला, बाप वर्षभर खोकत होता आणि कुणाला वेळ नव्हता. लाइनवर धाकटीला टोचणाऱ्या त्या पोरीनं आपल्या बाळाला पहिल्यांदा दुपारचं पाहिलं. ती म्हणाली, हा दुपारी येवढा हसतो हे मला म्हाईतच नव्हतं. मी पत्रकात ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा शब्द वापरायचे. किती भिकार शब्द आहे तो.

तिकडं कारखान्यात साच्यातून खुर्च्या पडत होत्या आणि तासायला माणसं नव्हती. बाहेरून आणलेल्या दोघातिघांनी हात कापून घेतले आणि गेले. मग ठेकेदाराचा मला फोन आला. त्याला वाटत होतं हे सगळं माझं कारस्थान. इतक्या दिवसांनी कुणीतरी माझ्या कामाची दखल घेतली म्हणून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तो म्हणाला, मॅडम, संप करायचा तर नोटीस द्यावी लागते. मी म्हटलं, संप नाही, सुतक आहे. तो म्हणाला, तीन दिवसांत फिटतं, आमच्या भटजींना विचारलं. मी म्हटलं, आमच्या थोरल्याला विचारा. थोरल्याचा निरोप गेला की आमच्यात दहाव्याशिवाय फिटत नाय, आणि पुढं कुणाला शंका असली तर बाराव्यापर्यंतही पाळतात.

दोन दिवसांनी ठेकेदार आणि सुपरवायझर गाडी घेऊन पाड्यावर आले. भेटायला आलो म्हणाले. घरात मयत झालं की चार माणसं येऊन भेटून जातात, त्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि त्यानिमित्तानं माणसं उचलून न्यावीत असा त्यांचा बेत. कुणाला आधी कळवलं नव्हतं. मी तिथं होते, पण मलाही गाडी दिसायला उशीर झाला. गाडी अंगणात थांबली तेव्हा काकी अंगणाच्या मधोमध होती. एका बाजूला धाकटी, दुसऱ्या बाजूला काठी. भाऊ दोन हात पुढं करून तिच्यासमोर उलटा चालत होता, लेकरू चालायला लागल्यावर बाप चालतो तसा.

पाड्यावर कुणी हललं नाही. एक शेळी सोडून.

सुपरवायझरनं विचारलं, ही कोण. मी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे तयार होतं, काकीची बहीण, मुंबईहून आली. काकीनं मला बोलू दिलं नाही.

“मीच ती,” ती म्हणाली. “मेले तवा रजा दिलीस याला. आता उठले, तर याची किती देशील सांग.”

ठेकेदार हसला. त्याला हसू आवरेना, गाडीला टेकून हसला. सुपरवायझर हसला नाही. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्याचं थोडं वाईट वाटलं. तो माणूस खरोखरीच त्या देवाला मानत होता. एका जिवंत बाईसाठी त्यानं पूर्ण टेंपो शुद्ध केला होता. तो भाऊला म्हणाला, देवासमोर खोटं बोललास. भाऊनं पहिल्यांदा मान वर केली आणि म्हणाला, “देवासमोर नाय, तुमच्यासमोर बोललो. देवाला तर दिसत व्हती ती खाटेवर.”

मग ठेकेदाराचं हसू संपलं आणि धंद्याचं बोलणं सुरू झालं. म्हणाला, झालं ते झालं, सगळ्यांनी उद्या जीपला या. पण हा नको. असं करणाऱ्याला ठेवलं तर उद्या प्रत्येकाची आई मरेल.

आता सगळं यावर येऊन थांबलं. काकीचा पाय आणि भाऊचं काम, दोन्ही एकदम मिळणार नाहीत असं दिसत होतं. भाऊ म्हणाला, चालंल. त्याचं असंच. मी बोलायला लागले, कायदा नव्हताच, पण आवाज होता. ठेकेदारानं माझ्याकडे बघितलंच नाही, तो थोरल्याकडे बघत होता. माणसं कुणाच्या शब्दावर जीपमध्ये बसतात हे त्याला माझ्यापेक्षा आधी कळलं.

थोरला ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. म्हणाला, उद्या कसं येणार? सुतक हाय.

ठेकेदार म्हणाला, अहो, कसलं सुतक, बाई समोर उभी आहे.

“उभी हाय ते दिसतंय मला,” थोरला म्हणाला. “पर घरातनं शब्द बाहेर पडला, बाया रडल्या, तुमी घराला गेट बंद केलं. आता ते मोडायचं तर दहाव्याला ओहोळावर जाऊन अंघोळ करूनच मोडंल. मधी कसं मोडंल? तुमच्या साहेबाला इचारा.”

सगळ्यांनी सुपरवायझरकडे पाहिलं. ज्याच्यासाठी त्यानं आयुष्यभर लोकांना गेटावरून परत पाठवलं ते आता खोटं कसं म्हणणार? शेवटी तो म्हणाला की शब्द उच्चारला गेला असेल तर शुद्धीशिवाय आत घेता येणार नाही. ठेकेदारानं कपाळाला हात लावला. थोरल्यानं तंबाखू तोंडात टाकली आणि पुढचं सांगितलं: आणि शुद्धी भाऊकीची एकत्र होते. एकाला वगळून होत नाय. हा कामावर नसंल तर बाकीचे पण सुतकातच.

मी दोन वर्षं ‘एकजूट’ हा शब्द छापत होते. त्या म्हाताऱ्यानं तो उच्चारलाही नाही.

पुढं तास-दीड तास घासाघीस झाली, तिच्यात मात्र मला जागा मिळाली. ठेकेदार कबूल झाला ते एवढंच: भाऊचं काम राहील. दहाव्यानंतर सगळे येतील. आणि इथून पुढं घरात कुणी खाटेवर असेल तर सरळ सांगायचं, चारपाच दिवस सोडू, कुणाला मारायचं नाही. पगार नाही. मी म्हटलं, कागदावर द्या. तो म्हणाला, कागद नाही. मी म्हटलं, मग तुमचा शब्द कुठवर टिकणार, पुढच्या महिन्यात पाटीवरचं नाव बदलाल. तो म्हणाला, मॅडम, मिळतंय ते घ्या. पाड्यानं घेतलं. मी घेतलं नाही असं मी जाताना सांगून टाकलं, पण मला कुणी विचारलंच नव्हतं. मेहरबानी आणि हक्क यांत फरक आहे हे मी आजही नाक्यावर उभी राहून ओरडते. मेहरबानी मागितल्यावर देतात आणि वाटेल तेव्हा काढून घेतात. त्या कारखान्यात आजही ती अशीच आहे. कुणाला तीन दिवस मिळतात, कुणाला शिव्या.

दहाव्याला भाऊकी ओहोळावर गेली. तानसाचं पाणी आमच्याच तालुक्यातून मुंबईला जातं, पण उन्हाळ्यात त्या ओहोळात कोंडीत गुडघाभर राहिलेलं असतं, तेवढ्यात सगळ्यांना उरकायचं. काकी म्हणाली, मी येणार, माझा दहावा हाय. थोरला म्हणाला, अशी रीत नाय. ती म्हणाली, अशी बाई पण नाय. उतार होता, धोंडे होते. भाऊ तिच्या मागं चालला, हात तिच्या पाठीपासून वीतभर लांब धरून. ती तीनदा बसली, पण उचलून घ्या म्हणाली नाही. कोंडीशी पोचून तिनं पाण्यात पाय सोडले आणि बाकीचे अंघोळी करत असताना तिनं एकेकाच्या अंगावरून शेरे मारले. धाकटीला म्हणाली, तू रडलीस म्हणतात चांगली, मला कुठं ऐकायला मिळालं. धाकटीनं तिथंच पुन्हा गळा काढला. काकी मन लावून ऐकत बसली. जेवायला डाळ-भात आणि वाटाण्याची उसळ होती. कोंबडी का नाही, यावरून काकी परतीच्या चढावर सगळ्या वाटभर बोलत होती, त्यामुळे तिला चढ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी जीप आली आणि भाऊ पहिल्या पाळीला गेला. वहिनीही गेली. काकी पुन्हा एकटी. मी दुपारी जाऊन बघेन म्हटलं होतं, पण मुरबाडला अडकले आणि पोचले ते भाऊ यायच्या वेळेला. आम्ही दोघं बरोबरच अंगणात शिरलो. खाट रिकामी. पेज खाल्लेली, ताट पालथं, काठी नाही. भाऊ आत गेला, बाहेर आला, मागं गेला. तो मोठ्यानं आय म्हणून हाक मारायला लागला, त्याचा एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

उत्तर तिसऱ्या घराच्या परसातून आलं. तिथल्या बाईची कोंबडी काकीच्या ओट्यावर घाण करून गेली होती, आणि काकी ती कुणाची हे ठरवायला काठी टेकत तिथवर गेली होती. परसात उभी राहून भांडत होती, बसायला दिलेली खुर्ची नाकारून. भाऊला बघून म्हणाली, आरडतोस कशाला, मी इथं कामात हाय.

तो कुडाला धरून खाली बसला. भांडण संपेपर्यंत तिथंच बसून राहिला.